तीनशे शेजारी आणि बाळंतिणीचं मियोक

२ सप्टेंबर, मंगळवार

माझ्या हातांचा फोटो मला न विचारता जगाला दाखवलाय. नखांत काळं, बोटं आल्याच्या गाठींसारखी, आणि खाली लिहिलंय, ‘साठ वर्षांच्या कष्टांची चव’. हातांना कसली चव? कुणी चावून बघितलेत? हारिमला म्हटलं, काढ ते. तर म्हणते, "आजी, त्या फोटोला चौदा जणांनी लाल हृदय दिलंय."

"चौदा हृदयांचं मी काय करू? रस्सा?"

नमस्कार राहिला. प्यो बाईंनी सांगितलंय, आधी वहीला नमस्कार, मग तारीख, मग मजकूर. आता उलटं झालं तर झालं. प्यो बाई मंगळवार-शुक्रवार गावच्या सभागृहात आम्हा म्हाताऱ्यांना अक्षरं शिकवतात. वही रोज लिहा म्हणतात. त्या वाचणार नाहीत, नुसती पानं मोजणार. वाचणार नाहीत हे बरं आहे.

हारिम माझी नात, सत्तावीस वर्षांची. दोन वर्षांपूर्वी बुसानची नोकरी सोडून इथं समुद्रावर आली, म्हणाली, आजी, तुझं मियोक, हे वाळवलेलं समुद्री शेवाळ, मी इंटरनेटवर विकून दाखवते. ब्लॉग काढला. दुकानाचं नाव, खाली रोज एक लेख. आज किती जण येऊन गेले विचारलं तर म्हणाली अकरा. त्यातला एक तिचा बाप, दोनदा ती स्वतः.

तिनं ठरवलंय, एक नोव्हेंबरपर्यंत ब्लॉग चालला तर राहायचं, नाही तर परत बुसान. एक नोव्हेंबरला गावची बैठक असते. प्रमुख एकेका घराचं नाव पुकारतो. ज्या घरातून खडक खरवडायला माणूस आहे ते घर ‘आहे’ म्हणतं आणि त्यालाच चिठ्ठी काढायला मिळते, कुठला खडक कुणाचा. हिवाळ्याआधी खडक खरवडून साफ केला तरच वसंतात त्यावर मियोक उगवतं. माणूस नाही तर चिठ्ठी नाही. आणि एकदा नाव कापलं की परत चढत नाही. माझे गुडघे गेल्या वर्षीच संपले.

मला काही फरक पडत नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाले, साठ वर्षं तेच खडक बघतेय. कंटाळा आलाय.

५ सप्टेंबर, शुक्रवार

हारिमच्या ब्लॉगला तीनशे बारा शेजारी आहेत. त्या यंत्रात एकमेकांना शेजारी करून घेतात म्हणे. तू माझी शेजारीण, मी तुझी. मी म्हटलं, तीनशे बारांतल्या एकीनंही कधी वाटीभर किमची आणून दिली नाही, ही कसली आळी?

तिनं मला शेजाऱ्यांच्या कमेंट वाचून दाखवल्या. ‘छान माहिती! माझ्याकडेही या.’ ‘खूप उपयुक्त! माझ्याकडेही या.’ ‘पोटात भूक लागली! माझ्याकडेही या.’ तो लेख वाळवणाच्या जाळ्या दुरुस्त करण्यावर होता.

"यांनी वाचलंच नाही काही."

"नाही वाचत कुणी, आजी. मीही त्यांचं नाही वाचत. मीही जाऊन तेच लिहून येते."

म्हणजे तीनशे बायका एकमेकींच्या दारात जाऊन, आत न बघता, या हं आमच्याकडे, म्हणून पळत सुटतात. बाजारात असं केलं तर वेडी म्हणून धरून नेतील.

दुपारी मुलाचा, हारिमच्या बापाचा, फोन आला, घरातल्या फोनवर. म्हणाला, बुसानला एका दवाखान्यात समोर बसून नावं लिहून घ्यायची नोकरी आहे, हारिमला सांग, त्यांना फोन करायला सांग. बरं म्हटलं. नंतर मासे खारवायला घेतले, विसरले.

११ सप्टेंबर, गुरुवार

हारिमनं कसल्याशा शिकवणीचे पैसे भरलेत. पडद्यावर एक गुळगुळीत तोंडाचा माणूस ब्लॉग कसा वाढवायचा ते सांगतो. तिनं त्याचे नियम लिहून फ्रिजवर चिकटवलेत. पाणी घ्यायला गेलं की ते वाचावं लागतं. अक्षर मोठं काढलंय, त्यामुळे मला जमतं.

शीर्षकात आकडा हवा. फोटो नीटनेटका हवा. शेवटी वाचकाला प्रश्न विचारा. सणासुदीला सूट द्या. प्रत्येक कमेंटला एका तासाच्या आत उत्तर द्या.

"एका तासात का? आग लागलीय?"

"लोकांना वाटलं पाहिजे की आपण तिथं आहोत."

"आपण आहोतच की. साठ वर्षं इथंच आहोत."

तिच्या डोळ्यांखाली निळं पडलंय. सकाळी पॅकिंग, दुपारी फोटो, संध्याकाळी लेख, आणि मध्ये दर तासाला ते यंत्र बघणं. खडकावरच्या कामात निदान ओहोटी संपली की घरी यायला मिळतं. ह्या कामाला ओहोटीच नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

वर्गात जुकब्योनवाली माझ्या शेजारी बसली. माहेर जुकब्योनचं म्हणून जुकब्योनवाली, मी होसानची म्हणून होसानवाली. आमच्या इथं बायकांना नाव नसतं, गाव असतं. घरं पण त्याच नावानं पुकारतात. तिच्या घरात दोन जाडजूड मुलगे आहेत आणि ती ते कुणाला विसरू देत नाही.

म्हणाली, "होसानवाली, यंदा तुझ्या घरातून कोण येणार खडकावर? तो तुझा ब्लॉग येणार का खराटा घेऊन?"

मी म्हटलं, "तुझे दोघं खडकावर बसून सिगारेट ओढतात, त्यापेक्षा ब्लॉग बरा. धूर तरी होत नाही."

ती हसली, पण तिला आमचा वाघखडक हवाय, मला माहीत आहे. गावातलं सगळ्यात जाड मियोक वाघखडकावर येतं आणि दोन वर्षं तो आमच्याच चिठ्ठीत निघतोय.

हारिमनं नवीन युक्ती केलीय. सहा उत्तरं आधीच तयार करून ठेवलीत. कमेंट आली की बटण दाबायचं. ‘आमच्या मियोकवर प्रेम केल्याबद्दल आभार! आजचा दिवस चविष्ट जावो!’ अशी. पुढे हसरं तोंड. शिकवणीतल्या माणसानं सांगितलंय, वेळ वाचतो.

दवाखान्यातून फोन आला. बाई गोड बोलत होती. हारिम घरात नाही म्हटलं. ती अंगणात जाळ्या धूत होती, म्हणजे घरात नव्हतीच.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

दिवसाला दोनशे लोक यायला लागलेत. छुसोकच्या सणासाठी हारिमनं काहीतरी केलंय, सांगत नाही, नुसती हसते. सूप करायच्या साध्या मियोकच्या पिशव्या गेल्या बऱ्याच. पण बाळंतिणीचं मियोक, बाळंतपणानंतर सूप करून घालतात ते, एकही नाही गेलं. चौदा दिवस. सणाच्या आधी सासवा सुनांसाठी घेऊन ठेवतात, दरवर्षी घेतात. यंदा एक नाही.

त्याच्यावर तर हे घर उभं आहे. साधं मियोक कुणीही विकतं.

कंटाळा आलाय. पाठ दुखते. दोन पानं झाली, बाई मोजतील.

७ ऑक्टोबर, मंगळवार

काल छुसोक झाला. मुलगा आला, जेवला, झोपला, गेला. जाताना म्हणाला, दवाखान्याचं सांगितलंस का? म्हटलं, सांगते.

आज सकाळी घरातला फोन वाजला. पोहांगची एक सासूबाई. वीस वर्षं आमच्याकडून घेते. तिच्या दोन मुलींना आणि एका सुनेला आमचंच गेलंय. मी म्हटलं, बोला, कुणाचे दिवस भरलेत? ती मग म्हणाली, "होसानवाली, तुमच्या मियोकला काही झालंय का?"

"काय व्हायचंय?"

"नाही, सूट लावलीय ना तुम्ही. वीस टक्के. मुलीनं दाखवलं. बाळंतिणीच्या मियोकवर. आणि फोटोत ते दुमडलेलं आहे. मी तिला म्हटलं, थांब, आधी विचारते. पाण्यात पडलं होतं का, कुणी मेलंबिलं का घरात."

मी म्हटलं, नातीचं चुकलं. तिनं विचारलं, तिला कुणी शिकवलं नाही? मी फोन ठेवला.

बाळंतिणीचं मियोक अख्खं असतं, उभं धरलं तर माझ्या छातीपर्यंत येईल एवढं लांब. ते मोडायचं नाही, दुमडायचं नाही. दुमडलं तर बाळंतपण अडतं म्हणतात. आणि त्याचा भाव करत नाहीत. घेणारी कमी करा म्हणत नाही, विकणारी कमी करत नाही, कारण भाव केला तर पोराच्या आयुष्यातून तेवढं कापलं जातं. खरं की खोटं मला माहीत नाही. मी साठ वर्षांत करून बघितलं नाही.

हारिमला हाक मारली.

"हे तू केलंस?"

"आजी, सगळ्यावरच सूट होती."

"आणि दुमडलंस का?"

"पोस्टाचा खोका लहान आहे. लांब खोक्याला वेगळी ऑर्डर द्यावी लागते. आणि फोटोत नीटनेटकं..." मग तिचा चेहरा उतरला. "दुमडत नाहीत?"

"तू दोन वर्षं रोज मियोकवर लिहितेस. दोनशे लोकांना रोज सांगतेस मियोक काय आहे. मला एकदा तरी विचारलंस?"

"तू पण कधी सांगितलं नाहीस!"

हे खरं आहे. सांगायचं असतं हेच माझ्या लक्षात आलं नाही. इथं जन्मलेल्या पोरीला सांगावं लागत नाही. ही बुसानच्या नवव्या मजल्यावर जन्मली.

तिनं सूट काढली. फोटो काढला. मग फ्रिजसमोर उभी राहून ते नियम बघत बसली.

१२ ऑक्टोबर, रविवार

हारिम लांब खोक्यांचं बघायला शहरात गेली होती. तिची ती पाटी, पडद्याची, घरीच होती. प्यो बाई म्हणतात, जे समोर दिसेल ते वाचा, औषधाची बाटली असो की बसवरची पाटी. म्हणून मी ब्लॉगवरच्या कमेंट वाचायला बसले. आधी मोठी अक्षरं करून घेतली, ते मला येतं.

‘माझ्याकडेही या’ फार होते. ते आता मी अक्षरं न लावताच ओळखते.

एक वेगळी निघाली. लांब होती. वाचायला अर्धा तास लागला असेल. ती अशी, जशीच्या तशी उतरवते:

‘गेल्या वर्षी सुनेसाठी तुमच्याकडून बाळंतिणीचं मियोक नेलं होतं. बाळ राहिलं नाही. मियोक स्वयंपाकघरात खुंटीला तसंच आहे, अख्खं. टाकवत नाही, कापवत नाही. सून त्याच्याकडे बघत नाही, मीही बघत नाही, पण दोघींना ते तिथं आहे हे माहीत आहे. अशाचं काय करतात, कुणाला विचारायचं कळेना, म्हणून तुम्हाला विचारते.’

खाली हारिमचं उत्तर. ‘आमच्या मियोकवर प्रेम केल्याबद्दल आभार! आजचा दिवस चविष्ट जावो!’ आणि हसरं तोंड.

ते मी दोनदा वाचलं. मला वाटलं, मी कुठलं अक्षर चुकीचं लावतेय. नव्हतं लावलं.

त्याच्या खाली इतर बायका. खूप. शिव्या पण होत्या, त्या पटकन वाचता आल्या.

पाटी मिटून ठेवली आणि मुळे चिरायला घेतले.

१३ ऑक्टोबर, सोमवार

हारिमनं काल संध्याकाळी बघितलं. आज सकाळपासून पांघरुणात आहे. कुणीतरी त्या उत्तराचा फोटो काढून दुसरीकडे चिकटवला आणि लोक लोटले. सहा हजार म्हणे एका दिवसात. दोन वर्षं अकरा माणसांसाठी जीव काढला, आणि आले ते सहा हजार, शिव्या द्यायला.

मी मुळ्यांची टोपली घेऊन तिच्या खोलीत जाऊन बसले.

"ऊठ."

"बंद करतेय मी तो ब्लॉग."

"दुकानात बाई रडत आली तर शटर ओढतेस का?"

"आजी, मी तिला काय म्हटलंय माहितीये तुला?"

"वाचलंय. शेवटी हसरं तोंड पण आहे."

"मी वाचलंच नव्हतं गं. लांब होती. वाटलं, कुणीतरी कौतुक करतंय. बटण दाबलं." पांघरुणातून आवाज असा येत होता जसा चार वर्षांची असताना यायचा. "बावीस मिनिटांत उत्तर दिलं होतं मी."

"मला वाचायलाच अर्धा तास लागला. तुझ्या त्या गुळगुळीत माणसाला सांग."

जरा वेळानं ती उठून बसली. केस म्हणजे खरवडायच्या आधीचा खडक. म्हणाली, "काय उत्तर द्यायचं असतं अशाला?"

मी चिरत होते, चिरता चिरता सांगितलं.

सांगितलं की, आधी माफी माग. कारण देऊ नकोस. मग लिही, सुनेला करून घाला. बाळ गेलं तरी बाई बाळंत झालीच ना. हाडं उसवलीच, रक्त गेलंच, दूध आलंच असेल आणि कापडानं बांधलं असेल. ते मियोक बाळासाठी कधीच नव्हतं. बाळाला दात कुठे असतात? ते बाळंतिणीचं. वर्ष झालं तरी तिचंच. खुंटीवरून काढा, अख्खं पान पाण्यात सोडा, आपोआप उमलेल, मग चिरा. तिळाच्या तेलात परता, शिंपले घाला, रस्सा पांढरा होईपर्यंत उकळा. आणि वाढताना काही बोलू नका. समजावू नका, पुढच्या वेळी म्हणू नका. वाटी ठेवा आणि तुम्हीही घेऊन बसा.

हारिम म्हणाली, "तुला कसं माहीत?"

"मला एक झाली होती. तुझ्या बापाच्या आधी. तिसऱ्या दिवशी गेली. सासूनं मियोक परत फळीवर ठेवलं, म्हणाली, आता कुणासाठी. एप्रिल होता, तोडणीचे दिवस, नवव्या दिवशी मला वाघखडकावर पाठवलं. तिथं मी ओलंच तोडून खाल्लं. खारट असतं. दोन पानं खाल्ली, तिसरं खाल्लं, मग कामाला लागले."

तिनं पांघरूण बाजूला केलं.

"बाबांना माहितीये?"

"त्याला कशाला? त्याच्या आधीची गोष्ट."

"कधी सांगितलं नाहीस."

"कुणी विचारलं नाही. त्या बाईनं विचारलं."

नाव ठेवलं नव्हतं, त्यामुळे तिच्याबद्दल इथं लिहायला जास्त काही नाही.

हारिमनं पाटी घेतली. लिहिलं, पुसलं, लिहिलं, पुसलं. मध्येच म्हणाली, "तुझं लिहू?" म्हटलं, खबरदार. माझे हात दाखवलेस तेवढं पुष्कळ झालं. दुपारी दोनला तिनं पाठवलं. मला वाचून दाखवलं. ठीक होतं. एका ठिकाणी तिळाचं तेल विसरली होती, ते घालायला लावलं.

सगळे मुळे वाया. फार बारीक चिरले गेले.

२० ऑक्टोबर, सोमवार

सहा हजार लोक आले तसे गेले. आता पन्नास-साठ येतात. लोकांना रागवायला पण नवीन नवीन लागतं.

पण हे पन्नास-साठ वाचतात. फरक दिसतो. विचारतात. एकीनं विचारलं, बसनं न्यायचंय, मियोक आडवं धरू की उभं? एकीनं विचारलं, सुनेची शस्त्रक्रिया करून प्रसूती झाली, तिला चालतं का? एका माणसानं विचारलं, बायको परदेशी आहे, तिला वास आवडत नाही, काय करू? हारिम स्वयंपाकघरात येते, मला विचारते, मी सांगते, ती जाऊन लिहिते. त्या माणसाला मी म्हटलं, लिही, आधी स्वतः खाऊन दाखव म्हणावं. तिनं तसंच लिहिलं. मग त्याचं उत्तर आलं, मग दुसऱ्यांचं.

फ्रिजवरचा कागद गेला. तिथं आता लांब खोका बनवणाऱ्याचा फोन नंबर आहे. तयार उत्तरं पुसून टाकली तिनं, सहाच्या सहा. आता एकेका कमेंटला दिवस लागतो, कधी दोन. कुणी तक्रार केलेली नाही. लेख पण रोज नाही. कुणी काही विचारलं की त्यावर एक. शीर्षकात आकडा नसतो.

तिनं स्वतःच ठरवलं, बाळंतिणीचं मियोक बटण दाबून मिळणार नाही. आधी लिहायचं, कुणासाठी हवंय आणि दिवस कधी भरतात. मग पाठवणार. मी म्हटलं, ग्राहक पळतील. म्हणाली, "तू दुकानात तेच विचारायचीस ना?" हो, विचारायचे. पण ते मला फोटो काढण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

आज त्या बाईचं उत्तर आलं. आठवडा लागला तिला. एकच ओळ. ‘सून दोन वाट्या जेवली.’

हारिम रडली. मी म्हटलं, दोन म्हणजे मीठ बरोबर पडलं असेल.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

बाळंतिणीची सात पानं गेली या आठवड्यात, पोहांगचं धरून. सात पुरत नाहीत. पुढच्या महिन्यात पोरांची कॉलेजची परीक्षा, तेव्हा मियोक कुणी घरात शिजवत नाही, ते बुळबुळीत, म्हणून मार्क घसरतात म्हणे. म्हणजे अजून मंदी. हारिम जेवताना काहीतरी जोडते, वजा करते, डोक्यातल्या डोक्यात.

खरवडायचं पातं काढून घासलं. विकून टाकावं म्हणते. गंजलेलं कोण घेणार, म्हणून धार पण लावली. लांब दांडा हारिमच्या उंचीला जरा आखूड होता, तो बदलून घेतला. लांब दांड्याला गिऱ्हाईक लवकर मिळतं.

जुकब्योनवाली कुंपणावरून बघत होती. "कुणासाठी गं धार लावतेस?"

"तुझ्या जिभेसाठी. बोथट झालीय."

२७ ऑक्टोबर, सोमवार

आज सांगूनच टाकलं. तोंडावर आलं सगळं आणि मला खोटं बोलून पचत नाही.

हारिम खोक्यांवर पत्ते लिहीत होती. म्हटलं, दवाखान्यातून फोन आला होता. नोकरीसाठी. चारदा आला. एकदा तुझ्या बापाचा. मी विसरले.

तिनं पेन ठेवलं. माझ्याकडे बघितलं.

"चारदा विसरलीस?"

"वय झालं."

"आजी, त्यांनी मला मोबाइलवर पण केला होता. सप्टेंबरातच."

"मग?"

"मी पण विसरले."

मग तिनं पेन उचललं आणि पुढचा पत्ता लिहिला. मी म्हटलं, दवाखान्यात बसून पगार मिळतो, दुपारी जेवण मिळतं, हात फुटत नाहीत. जा. मला काही फरक पडत नाही. ती म्हणाली, "हं." राहीन म्हणाली नाही. जाईन पण म्हणाली नाही. ह्या पिढीला एक शब्द धड पूर्ण बोलता येत नाही.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

वर्गात बाईंनी पानं मोजली. म्हणाल्या, आजी, तुमची सगळ्यात जास्त भरली. म्हटलं, घरात बोलायला कुणी नाही म्हणून. हारिम मला न्यायला आली होती, ती दारात उभी होती. म्हणाली, "मग मी कोण?" सगळ्या हसल्या. जुकब्योनवाली पण.

घरी येताना हारिमनं विचारलं, "खडकावर रबराचे बूट चालतात की खिळ्यांचे लागतात?"

"कुणी विचारलं? ब्लॉगवर?"

"हो. एका मुलीनं."

"किती वर्षांची आहे?"

"सत्तावीस."

"खिळ्यांचे. एक नंबर मोठे घे म्हणावं, आत दोन मोजे जातात. आणि खडक घट्ट धरायला लाज वाटू देऊ नको म्हणावं, पहिल्या वर्षी सगळेच पडतात."

"पडल्यावर?"

"उठायचं. पाणी गार असतं, आपोआप उठतात."

ती पुढे चालत राहिली. मी मागे, गुडघ्यांमुळे. मियोक वाळवायच्या मोकळ्या चौकटी रस्त्याकडेला उभ्या होत्या, वारा सुटला होता. मी फार दमलेय. ही दमणूक झोपून जात नाही, ती आता माझ्यातच राहते, दूध आटलेल्या गायीसारखी, तिला हाकलून काय करणार.

उद्या सकाळी नऊला चिठ्ठ्यांची बैठक. सभागृहात पहिल्या रांगेतली उशी माझी असते, चाळीस वर्षांची. उद्या मी मागे भिंतीला टेकून बसणार. पुढे हारिम बसेल. प्रमुखाला आजच जाऊन सांगून आले, नेहमीसारखं मोठ्यानं पुकार, माझ्याकडे बघू नकोस. तो म्हणाला, पण घर तर तुमच्याच नावाचं आहे. म्हटलं, नाव राहू दे, तोंड बदललंय.

हे पान फाडून तिच्या उशाशी ठेवते, म्हणजे नंतर कळलं नाही म्हणायला नको. एवढं ती वाचेल. लांब असलं तरी.

हारिम, उद्या ‘होसानवालीचं घर’ म्हणून पुकारलं की मी तोंड उघडणार नाही, घसा बसलाय. आजीकडे वळून बघायचं नाही, जुकब्योनवालीकडे तर मुळीच नाही. हात वर करायचा आणि उत्तर तू द्यायचंस.